हिरव्या गाडीची जागा

सान हासिंतो, मिना रस्ता
१६ ऑगस्ट १९९६

चि. एलादिओ यास,
तेन्चाताईचे अनेक आशीर्वाद. द्यायची इच्छा नव्हती, पण आईने लावलेली सवय, हात आपोआप लिहून गेला.

तुझं घर माझ्या दुकानापासून सहा चौक, आणि बाई पत्र कसलं लिहिते, असं तुला वाटेल. म्हणून आधी तेवढं सांगते. परवा नगरपालिकेच्या सभेत तू सगळ्या गावासमोर उभा राहिलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास की मिना रस्त्यावर एकही गाडी उभी राहता कामा नये, तिथे माणसांनी चालावं आणि मधून तुमची चार नंबरची बस जावी. मी उठले ती थेट चर्चमध्ये गेले. दारू सोडणाऱ्यांना फादर प्लासिदो जे शपथेचं कार्ड देतात, आपल्या काकांनी जन्मात सात वेळा घेतलं ते, तसलं एक मला द्या म्हटलं. फादर घाबरले. विचारायला लागले की तुम्ही कधीपासून प्यायला लागलात. मी सांगितलं की प्यायचं नाही, बोलायचं सोडायचंय. त्यांच्याकडे छापील कार्डं सगळी दारूचीच, मग त्यांनी दारू खोडली आणि वर तुझं नाव लिहिलं. कुमारीमातेच्या साक्षीने तीन महिने, म्हणजे १४ नोव्हेंबरपर्यंत, एलादिओशी तोंडाने एक शब्द बोलणार नाही. खाली सही आणि शिक्का. हाताने लिहिलं तर चालतं का, तेही विचारून घेतलं. चालतं.

हे पत्र चोनकाका तुझ्या दुपारच्या फेरीला वळणरस्त्यावर आणून देतील. उत्तर त्यांच्याच हाती पाठव, आणि त्यांना उन्हात ताटकळत ठेवू नकोस. अडुसष्ट वर्षांचं माणूस आहे, दिवसभर लाल फडकं हलवून आमच्या रस्त्यावर गाड्या लावून देतं.

आता मुद्द्याचं. लग्नाच्या झग्यांचं दुकान म्हणजे बांगड्यांची हातगाडी नव्हे. एका नवरीबरोबर अकरा माणसं येतात. आई, आजी, झगा देणारी धर्ममाता, बूट देणारी धर्ममाता, फुलांची वेगळी, ओढणीची वेगळी, आणि प्रत्येकीला मत असतं. हा सगळा लवाजमा पिकअपमधून येतो. ती दारात उभी राहिली नाही तर ते लोक सरळ पुढच्या गावी जातील, आणि वर्षाच्या आत 'अझुसेना'च्या दाराला टाळं लागेल. याच दुकानातल्या शिवणयंत्रावर तुझी शाळा झाली. तुझे बूटसुद्धा त्यातूनच आले. सभेत हे तुला आठवलं नाही.

आणि दुसरं तू जाणूनबुजून बोलला नाहीस. तुझ्या दाजींची, मेलितोनची हिरवी गाडी. रस्त्याचा नकाशा काढणाऱ्या त्या इंजिनियर बाईंना काय माहीत असणार? नऊ वर्षांपूर्वी गुरुवारी दुपारी त्याने ती माझ्या खिडकीसमोर लावली, आत आला, बूट घालून बघायच्या खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तोवर त्या खुर्चीतच त्याचा जीव गेलेला होता. ती गाडी त्याने स्वतःच्या हाताने लावली आहे. पुढची चाकं अजून डावीकडे वळलेली आहेत, त्याने सोडली तशी. ती तिथून हलणार नाही. हलवायची तर आधी मला उचलून बाहेर ठेवा.

माझ्या भावजयीचा, ओफेलियाचा, गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, ये दुकानात. तिच्याशी बोलायला मला कार्डाची आडकाठी नाही.

लोभ आहे, पण तूर्त तो कुलपात ठेवला आहे.

तुझी मोठी बहीण,
ओर्तेन्सिया


सान हासिंतो
१९ ऑगस्ट

ती. स्व. तेन्चाताईस,
एलादिओचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. चोनकाकांनी ते खिडकीतून आत दिलं तेव्हा बसमध्ये तीस माणसं होती, आणि मी फोडेपर्यंत एकही उतरायला तयार नव्हतं. कार्डाची बातमी गावभर झाली आहे. आमच्या ड्रायव्हरांपैकी दोघे फादरकडे जाऊन चौकशी करून आले की बहिणींसाठी असतं तसं सासूसाठी मिळतं का.

ताई, मी तुझ्याविरुद्ध बोललो नाही. मी त्या रस्त्याबद्दल बोललो. सहा वर्षांपूर्वी चार नंबर मिना रस्त्यानेच जायची, तुझ्या दारावरून. मग दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, तिच्या बाहेर दुसरी रांग. एकदा औषधवाले गाउदेन्सिओ भर रस्त्यात गाडी उभी करून कॉफी प्यायला गेले आणि बस पाऊण तास अडकली. आत एक बाळंतीण होती. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला बाहेरच्या वळणरस्त्याने जायला सांगितलं. तेव्हापासून वाड्या-वस्त्यांवरून येणारी माणसं तिथे उतरतात आणि उन्हातून चार चौक पायी येतात.

तुझ्या अकरा माणसांतली आजी आहे ना, तिला मी हाताला धरून उतरवतो. ती पिकअपमधून येत नाही, माझ्या बसमधून येते. गेल्या शनिवारी लोस पिरूलेसची नऊ माणसं उतरवली. परतताना तुझ्या दुकानाचं लांबलचक खोकं पाच जणींच्या मांडीवर आडवं ठेवून ती गेली, आणि वाटेत एकीलाही हलायची मुभा नव्हती. पिकअपवाले गिऱ्हाईक तुला दिसतं, कारण ते दारात भोंगा वाजवतं. बसवालं गिऱ्हाईक पायी येतं, म्हणून तुला वाटतं ते कुठूनच आलं नाही.

पटत नसेल तर मोजून बघ. त्या रस्त्यावर दिवसभर कुणाच्या गाड्या उभ्या असतात हे चोनकाकांइतकं कुणालाच ठाऊक नाही.

दाजींच्या गाडीबद्दल मी बोललो नाही हे खरं. वाटलं, ते तू सांगशील. तू उठून गेलीस.

गुडघ्याला उतार आहे. ओफेलियाने तुझ्यासाठी मक्याच्या पानांत वाफवलेले हिरव्या मिरचीचे तमाल पाठवले आहेत, वरचे दोन चोनकाकांचे.

कुलपाची किल्ली हरवू नकोस एवढीच विनंती.

तुझा,
एलादिओ


मिना रस्ता
२७ ऑगस्ट

चि. एलादिओ यास अनेक आशीर्वाद.

तमाल चांगले होते. चोनकाकांनी वरचे दोन घेतले आणि तिसरा माझ्या नजरेसमोर उचलला.

तुझं पत्र मी दुकानदार मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं. बाळंतिणीचा भाग गाळला, गाउदेन्सिओ समोरच बसले होते. तू मोजायचं आव्हान दिलंस म्हटल्यावर सगळ्यांना जोर चढला. मोजाच एकदा, बसवाल्यांचं तोंड कायमचं बंद होईल, असं ठरलं. मी चिटणीस असल्यामुळे व्यवस्था माझ्याकडे आली. चोनकाकांना लिहिता येत नाही, म्हणून मी त्यांना दोन मोठ्या बरण्या आणि राजम्याच्या दोन पिशव्या दिल्या. दुकानदाराची किंवा त्याच्या घरातल्या कुणाची गाडी लागली की एक काळा दाणा. गिऱ्हाइकाची लागली की एक ठिपक्यांचा. आठवडाभर, सकाळी नऊपासून दुकानं मिटेपर्यंत. दोन तासांनी तीच गाडी तिथेच असली की पुन्हा एक दाणा.

तू चोनकाकांना आधीच काही पढवलं असशील तर देव बघतोय.

आणि तुमचं काय रे? तुमच्या बसेस एकमेकींशी शर्यत लावतात. म्हातारीने हात केला तर तुमचा तो पोर्फिरिओ वेग वाढवतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. मागून काळा धूर. माझ्या खिडकीत पांढरं साटिन आहे, एलादिओ! बस दारावरून गेली की त्या साटिनचं दोन दिवसांत फडकं होईल. तुला वाटतं गाड्या काढल्या की सगळे गात-नाचत बसने येतील. आधी तुमची बस बसायच्या लायकीची करा.

आणि ज्याला खरंच चालता येत नाही, त्याने काय करायचं? पलीकडच्या आजीबाई दर मंगळवारी मुलाच्या गाडीतून येतात, दारात उतरतात, कुबड्यांवर दोन पावलं टाकतात आणि दुकानात. त्यांना काय खांद्यावरून आणणार आहात?

दाण्यांचा निकाल कळवीन. तोवर आशीर्वाद पुरवून वापर.

तुझी,
तेन्चाताई


मिना रस्ता
१० सप्टेंबर

चि. एलादिओ यास आशीर्वाद.

निकाल लिहिते म्हटलं होतं, म्हणून लिहिते. तीन दिवस लागले, कारण राग ओसरेना.

शनिवारी दुकानं मिटल्यावर सगळे माझ्या कापायच्या टेबलाभोवती जमले. चोनकाकांनी बरण्या आणून ठेवल्या. काळ्या दाण्यांची गळ्यापर्यंत भरलेली. ठिपक्यांच्या दाण्यांनी दुसरीचा जेमतेम तळ झाकला होता. मग चपलांच्या दुकानवाल्या कासिल्दाने सांगितलं की बरण्यांची अदलाबदल झाली असणार. चोनकाकांनी तिला तिच्या मुलीच्या लाल गाडीचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला, आणि मुलगी कॉलेजला जाते तेव्हा गाडी किती ते किती उभी असते तेही.

रस्त्यावर सव्वीस गाड्यांची जागा आहे. त्यांतल्या एकोणीस-वीस जागा दिवसभर आम्हीच खातो. गाउदेन्सिओंच्या दोन गाड्या. फोटोवाल्याची, त्याच्या मेहुण्याची, मेहुण्याच्या भागीदाराची. आम्ही सगळे सकाळी गिऱ्हाइकासाठी म्हणून सिमेंट भरलेली बादली रस्त्यावर ठेवून जागा अडवतो, आणि दहा वाजता तीच बादली उचलून तिथे स्वतःची गाडी लावतो. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं, बोललं कुणी नव्हतं. मग एकमेकांच्या बादल्या काढायला सुरुवात झाली. गाउदेन्सिओ तर म्हणाले की चोनकाका बसवाल्यांना फितूर आहेत. चोनकाका एकतीस वर्षं या रस्त्यावर आहेत. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले की तसं असेल तर उद्यापासून तुमच्या गाड्या तुम्हीच लावा. गाउदेन्सिओंनी लगेच माफी मागितली, त्यांना मागे गाडी घेता येत नाही.

आता जे झालं ते तुला सांगायचं की नाही, असा विचार करत होते. मेलितोनच्या गाडीसाठीही चोनकाकांनी काळे दाणे टाकले होते. दिवसभर, रोज. मला वाटलं होतं ती गाडी ते मोजणारच नाहीत. मी सगळ्यांसमोर म्हटलं की ते दाणे बाहेर काढा. तर चोनकाका म्हणाले की बाई, त्या दिवशी मीच साहेबांना हात दाखवून आत घेतलं, येऊ द्या, येऊ द्या, बस्स. नऊ वर्षं रोज सकाळी ती गाडी मी पुसतो, आजही पुसली. पण ती आहे तोवर तिच्या जागी दुसरी लागत नाही, तर दाणा कसा टाकू नको?

मी हाताने मोजून दाणे बाहेर काढले. कुणी अडवलं नाही. सगळे गेल्यावर परत बरणीत टाकले.

का टाकले ते विचारू नकोस.

तेन्चाताई


सान हासिंतो
१४ सप्टेंबर

ती. स्व. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी नाही विचारणार.

दाण्यांचं ऐकून आमच्या ऑफिसात एकाने फटाके आणायची भाषा केली. त्याला मी गप्प केलं, कारण तुझं आधीचं पत्रही मी तिथेच वाचून दाखवलं होतं. पोर्फिरिओचं नाव आलं तेव्हा तो खाली बघायला लागला. तू लिहिलंस ते खरं आहे. आम्ही शर्यत लावतो, कारण पुढची बस सगळे प्रवासी उचलते अशी भीती असते. म्हाताऱ्यांसाठी थांबत नाही, कारण त्यांना चढायला वेळ लागतो. मीही एकदोनदा थांबलो नाहीये. हे मी तुला तोंडावर कधी बोललो नसतो. बरं झालं, पत्र आहे.

काल तुमचे तिघे, आमचे तिघे आणि इंजिनियर बाई एलीदा बसलो. तुझे मुद्दे एकेक करून मांडले, तुझ्या नावाने. बस मिना रस्त्यावर माणसाच्या चालीने जाईल, शर्यत लावणाऱ्याचा महिनाभर मार्ग बंद. धूर सोडणाऱ्या तीन जुन्या बसेस तिथे आणायच्याच नाहीत, हे तुझं साटिन. दुकानात माल उतरवायला सकाळी दहापर्यंत टेम्पोला मुभा. कोपऱ्यावर दोन जागा, फक्त म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या गाडीसाठी. त्यांना आताच कुणीतरी कुबड्यांच्या आजीबाईंच्या जागा म्हणायला लागलं आहे. बाकीच्या गाड्यांना पिठाच्या जुन्या गिरणीचं आवार, दोन चौकांवर, अर्ध्यावर छप्पर. तिथली देखरेख पगारावर चोनकाकांकडे. ते म्हणतात की बसायला खुर्ची मिळणार असेल तर येतो.

राहिली एक गोष्ट. ताई, स्पष्ट लिहितो, मग कार्डाची मुदत वर्षभर वाढवलीस तरी चालेल. तुझं भांडण पिकअपचं नाही, आजीबाईंचं नाही, साटिनचंही नाही. ती सगळी सुटली. तुझं भांडण दाजी गेले त्याच्याशी आहे. गिरणीच्या आवारात छपराखालची पहिली जागा मी दाजींच्या गाडीसाठी मागून ठेवली आहे. तिथे पाऊस लागणार नाही. चोनकाका असतीलच.

रागावू नकोस असं म्हणत नाही. रागाव, पण वाच.

एलादिओ


मिना रस्ता
१५ सप्टेंबर

एलादिओ,

गाडीबद्दल यापुढे एक अक्षर लिहू नकोस. पाऊस लागणार नाही म्हणे. नऊ पावसाळे ती माझ्या डोळ्यांसमोर भिजली आहे आणि मी तिच्याकडे बघत शिवत बसले आहे. तुला काय ठाऊक.

ओफेलियाला आशीर्वाद.

ओर्तेन्सिया


सान हासिंतो
९ ऑक्टोबर

ती. स्व. ताईस शि. सा. न.

जवळजवळ महिना झाला. एक अक्षर लिहू नकोस म्हणालीस म्हणून लिहिलं नाही, त्याऐवजी नगरपालिकेत खेपा घातल्या. आज काम झालं, आणि ते गाडीचंच आहे, म्हणून तुझा हुकूम मोडतो.

गाडी जिथे आहे तिथेच राहील. सोबत एलीदाबाईंचा नकाशा जोडला आहे, त्यावर नगराध्यक्षांची सही आहे. तुझ्या खिडकीपुढे पदपथ आत घेतला आहे, बस तिथे गाडीला वळसा घालून जाईल. रस्ता तेवढ्यात अरुंद होतो, म्हणून समोरून येणाऱ्या बसला थांबावं लागेल आणि मधला थांबा काढून औषधाच्या दुकानापाशी न्यावा लागेल. आमचे लोक ओरडले. एका गाडीसाठी सगळा मार्ग वाकडा, वर ती चालतही नाही, उंदरांनी तारा खाल्ल्या आहेत, असं सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, मग चार नंबर माझ्याशिवाय चालवा. बावीस वर्षं मी ती चालवतो आहे, त्यामुळे शेवटी हात वर झाले.

मागचं पत्र लिहिलं ते चुकलं. तुझ्या मनातलं मला कळतं असं मला वाटलं होतं. तुझी गाडी, तुझी खिडकी. अठ्ठावीस तारखेपासून फरशी उखडायचं काम सुरू होईल, गाडीभोवती दोरी बांधतील, तिला कुणी हात लावणार नाही.

घरी मधल्याला दात आला आहे, ओफेलिया म्हणते तुला सांग. मधल्या मुलाच्या बाळाला, म्हणजे. मी लिहितो ते नीट लिहीत नाही, शिणलेल्या मेंदूने लिहितो आहे, सगळा दिवस कचेरीत उभा होतो.

कृपादृष्टी असू दे, कुलपाच्या फटीतून का होईना.

एलादिओ


मिना रस्ता
रविवार, २७ ऑक्टोबर १९९६

चि. एलादिओ यास,
तेन्चाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी इच्छेने देते.

तुझा नकाशा अठरा दिवस कापायच्या टेबलावर होता. पहिल्या दिवशी तो बघून मी इतकी खूश झाले की कासिल्दाला बोलावून दाखवला. मग दुसऱ्या दिवशी चष्मा लावून नीट पाहिला. रस्ता सगळा सरळ, झाडं रेखाटलेली, बाकं रेखाटलेली, आणि माझ्या खिडकीसमोर एक चौकोन. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं आहे, कायम अडथळा. एलीदाबाईंचा दोष नाही, नकाशात असंच लिहीत असतील. पण ते अक्षर मी रोज वाचत होते. मेलितोन आयुष्यात कधी कुणाच्या वाटेत उभा राहिला नाही रे. उलट दुकानात आलेल्या कुणाच्याही आजीला त्याच गाडीत घालून तिच्या वस्तीपर्यंत सोडून यायचा, जेवण अर्धवट टाकून, आणि मी त्याला त्यावरून बोलायची. आता वस्तीवरची माणसं वळसा घेणार, समोरची बस थांबणार, थांबा लांब जाणार, आणि कारण विचारलं की लोक त्याचं नाव घेणार. त्याला लाज वाटली असती. मला वाटली.

काल दुपारी, गिऱ्हाइकं जेवायला गेली असताना, गाडी हलवली. तुला मुद्दाम कळवलं नाही. तू तुझ्या फेरीवर असशील अशीच वेळ धरली. तू समोर असतास तर मी बोलले असते आणि रडलेही असते. टायरवाल्याने आदल्या दिवशी चारही चाकांत हवा भरली होती. ढकलायला गाउदेन्सिओ, फोटोवाला, त्याचा मेहुणा, पोर्फिरिओ (हो, तोच, सुट्टी होती त्याची), आणखी पाचसहा. स्टिअरिंगवर कुणी बसायचं असा प्रश्न आला. मी बसले. मला गाडी येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मलाच बसू दिलं. चाकं डावीकडे वळलेली होती, ती सरळ मला करावी लागली. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे वळली. ते करताना मला काय झालं ते लिहून होणार नाही.

चोनकाका पुढे उलटे चालत होते, लाल फडकं घेऊन. एकतीस वर्षांची सवय, पण त्यांच्या तोंडून येऊ द्या काही निघालं नाही. नुसतं फडकं हलवत दोन चौक गेले. आता गाडी गिरणीत छपराखाली आहे, पहिल्या जागेत. तू मागून ठेवली होतीस ती त्यांनी कुणाला दिलीच नव्हती.

तर आता असं आहे. गाडी गेली, आणि खिडकीसमोर तिच्याएवढा चौकोन राहिला. तिथले दगड वेगळ्या रंगाचे आहेत, नऊ वर्षं ऊन लागलं नाही ना. संध्याकाळी मी शिवायला बसले आणि मान वर केली. नऊ वर्षं मान वर केली की हिरवं दिसायचं. काल समोरची भिंत दिसली. मी पडदा ओढला. मग दुकान पडदा ओढून कसं चालेल म्हणून उघडला. मग परत ओढला. आज रविवार, दुकान बंद, तरी तीनदा जाऊन बघून आले. मला ती रिकामी जागा बघवत नाही, एलादिओ. गाडी हलवता आली, त्याचं वाईट इतकं वाटत नाही. तिथे काहीच नाही, हे सोसत नाही.

म्हणून हे पत्र. तुझा थांबा औषधाच्या दुकानापाशी नको, इथे हवा. बरोबर त्या चौकोनात. अडथळा उरला नाही, मार्ग सरळ झाला, एलीदाबाईंना नकाशा परत काढायला सांग. गाउदेन्सिओंना विचारलं आहे, त्यांना दारात थांबा नकोच होता. तुझ्या दिवसातून अकरा फेऱ्या होतात, ओफेलियाला विचारून घेतलं. बाकीचे ड्रायव्हर थांबोत न थांबोत, तू अकरा वेळा थांब. हळू करून पुढे काढायची नाही, पूर्ण थांबायचं, दार उघडायचं. चढणारं कुणी नसलं, उतरणारं कुणी नसलं, तरी थांब. मी मान वर करीन.

ही एवढी विनंती मान्य कर, आणि लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी,
तेन्चाताई